दोघांनाही दिसेल

दोन्ही हातांत एकेक फोन घेऊन बोरस्ते सर ते हळूहळू वरखाली करत होते, बाजारात दोन दुधी तोलून बघावेत तसे. डाव्या हातात अँड्रॉइड होता, उजव्या हातात आयफोन. दोन्ही बंदच होते आणि दोन्हींच्या काळ्या काचेत सरांचाच चष्मा दिसत होता.

"वजनावर नका जाऊ काका," काउंटरपलीकडून जिया म्हणाली. कॉलेज रोडच्या त्या दुकानात सकाळी विक्रीला ती एकटीच होती आणि दुसरं गिऱ्हाईक नसल्यामुळे तिला बोलायला वेळ होता. "आधी मला सांगा, तुमचं काम काय असतं? फोनवर सवय कशाकशाची आहे? त्यावर ठरतं सगळं. शेजाऱ्यानं घेतला म्हणून आपण घेतला, असं नको."

"ड्रायव्हिंग शिकवतो मी," सर म्हणाले.

"शिकवायचे," शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगा दीपक म्हणाला.

सरांनी दोन्ही फोन काचेवर ठेवले. "हां. शिकवायचो. सुटलं आता ते."

इंदिरानगरात बोरस्ते सरांना रंगनाथ म्हणून हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. ते सगळ्यांचेच सर. त्यांचं मोटार ट्रेनिंग स्कूल एका गाळ्यात होतं, आणि नवऱ्याकडून गाडी शिकायला बसून पहिल्याच दिवशी रडत घरी आलेल्या बायका दुसऱ्या दिवशी सरांच्या गाळ्यात हजर असायच्या. सर ओरडायचे नाहीत. शेजारच्या सीटवर बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर हलकेच पाय ठेवून ते समोरच्याला निवांत चुका करू द्यायचे आणि अगदीच अंगाशी आलं की पाय दाबायचे. ही सवय इतकी अंगात मुरली होती की आज दीपकच्या गाडीतून इथे येतानाही दर सिग्नलला ते पायाखालची मॅट दाबत होते.

"अण्णा, तिकडं ब्रेक नाहीये," दीपक म्हणाला होता. थट्टेनेच, पण जरा कंटाळून.

शिकवणं सुटलं ते हरसूलमुळे. सितारा शेख नावाची एक शिक्षिका त्यांच्याकडे गाडी शिकत होती. भित्री, पण सांगितलेलं मन लावून करणारी. मोकळ्या रस्त्याचा सराव व्हावा म्हणून सर तिला त्र्यंबक रोडला घेऊन गेले. सातपूर मागे पडलं, तरी सर म्हणाले, "सरळ घ्या." त्र्यंबक आलं, तरी "सरळ घ्या." सर सांगताहेत म्हणजे आज घाटाचा पाठ असणार, असं समजून ती बिचारी जीव मुठीत धरून वळणं घेत राहिली. पुढे हरसूलच्या आठवडे बाजारात समोर माणसांची आणि भाजीच्या पाट्यांची गर्दी आडवी आली, तेव्हा कुठे तिने गाडी थांबवली. सरांनी काचेबाहेर बघितलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "ताई, आपण कुठं आलो?"

ती आधी हसली. तिला वाटलं, परीक्षा घेताहेत. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, त्यांच्या फोनवरून त्यांच्या मुलीला कळवलं, त्यांना पाणी पाजलं आणि तोच घाट पुन्हा पार करून गाडी एकही चूक न करता नाशकात आणली. पोरगी त्या दिवशी तयार झाली, असं सर नंतर भेटेल त्याला कौतुकाने सांगत. बाकीचं सांगत नसत, कारण बाकीचं त्यांना आठवतच नव्हतं.

डॉक्टरांनी तपासण्या बघून सांगितलं की हे आता वाढत जाणार. गोळ्यांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. आज ते एकटे राहू शकतात, पण फार दिवस नाही. जवळ कोणीतरी हवं. 'कोणीतरी' हा शब्द डॉक्टर सहज बोलून गेले आणि तो सर आणि त्यांच्या दोन्ही मुलांच्या मध्ये तसाच पडून राहिला. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. दीपक पुण्यात, हर्षाली इथेच गोविंदनगरला. दोनेक आठवडे कोणीच त्या शब्दाला हात लावला नाही. मग दीपकने फोनवर तोड सुचवली. अण्णांना नवा फोन घेऊ या. ते कुठे आहेत ते आपल्याला आपल्या फोनवर दिसत राहील, इंदिरानगरच्या बाहेर गेले की सूचना येईल. हर्षालीला ते पटलं. सुटल्यासारखं दोघांनाही झालं.

सरांनाही ते पटलं, पण वेगळ्या कारणाने. दीपककडे आयफोन होता, हर्षालीकडे अँड्रॉइड. त्यातलं यंत्राचं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण एवढं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं की आपला फोन ज्याच्या फोनशी जुळेल त्याच्याकडे पुढे आपणही जाणार. आज फोन, उद्या आपण. त्यांचा जीव मुलीकडे ओढत होता. गोविंदनगर म्हणजे आपलंच गाव, आपलेच रस्ते, ओळखीची माणसं. प्रश्न होता दीपकचा. तो हट्ट करणार, 'अण्णा, माझ्यासारखाच घ्या' म्हणणार, त्याला वाईट वाटणार. म्हणून घरून निघण्याआधी सरांनी आरशासमोर उभं राहून तालीमही केली होती. 'अरे, मला या फोनच्या बटणांची सवय झालीय रे,' एवढंच म्हणायचं. कारण बरं होतं. कोणाचं मन दुखावणारं नव्हतं.

"माझं विचाराल तर अण्णांना अँड्रॉइडच बरा," दीपक जियाला म्हणाला.

सर त्याच्याकडे बघत राहिले. तालमीत हे वाक्य त्याचं नव्हतं.

"आता त्यांच्याकडं तोच आहे ना. हात बसलाय त्याच्यावर. मागं जायचं बटण खाली असतं, ते त्यांना सापडतं. आयफोनमध्ये सगळं बोटानं सरकवायचं, कुठून सरकवायचं तेच कळत नाही नव्या माणसाला. या वयात कशाला नवं शिकायचं?"

"काहीतरीच काय दादा," सरांच्या दुसऱ्या बाजूला उभी असलेली हर्षाली म्हणाली. "आयफोनच घ्यायचा. एकदा लावून दिला की बघायला नको. अण्णांच्या फोनमध्ये काय काय येऊन बसतं, माहितीय तुला? परवा बँकेच्या नावानं कोणाचा तरी फोन आला होता, मी होते म्हणून बरं. त्यांना साधं, सुरक्षित पाहिजे. आणि तूच दाखवलं होतंस ना मला, विहान शाळेतून निघाला की तुझ्या फोनवर कसं टुणकन येतं ते. किती छान आहे ते."

विहान हा दीपकचा मुलगा. दीपक नुसता हसला.

सरांना भरून आलं. आपण पोरांना नीट ओळखलंच नव्हतं, असं त्यांना वाटून गेलं. 'माझ्या हातातलं चॉकलेट मोठं की तुझ्या' म्हणून भांडणारी ही दोघं, आज एकमेकांना पुढे करताहेत. ज्या भावाच्या महागड्या फोनची हर्षाली दर दिवाळीला टर उडवायची, तोच फोन आज ती डोक्यावर घेऊन नाचत होती. आणि 'तुमचा तो अँड्रॉइड मी हातात पण धरणार नाही' म्हणणारा दीपक त्याचीच बाजू लढवत होता. मोठी झाली पोरं, सरांना वाटलं. आता आपणच काहीतरी बोलून हे सोपं करून टाकावं.

"मला बटणांची सवय..." त्यांनी सुरुवात केली.

"तेच म्हणतोय मी!" दीपक घाईने म्हणाला.

"सवय काय, आठ दिवसांत होते," हर्षाली त्याहून घाईने म्हणाली. "साठ-साठ वर्षांच्या बायकांना गाडी शिकवली यांनी. यांना फोन नाही जमणार?"

त्या घाईत काहीतरी होतं. शिकाऊ माणूस 'मला येतं सर, मला येतं' असं भराभर म्हणायला लागला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. तसंच काहीसं त्यांना झालं, पण का झालं ते लगेच कळेना.

जियाने दोन्ही फोन सुरू करून समोर ठेवले होते. ती मन लावून ऐकत होती आणि गिऱ्हाइकाचं भलं करावं असं तिला खरोखर वाटत असावं.

"दादा, एक मिनिट. तुम्हाला काकांचं लोकेशन बघायचंय ना? मग कुठला पण घ्या," ती म्हणाली. "दोन्हींवर मॅप असतो. काकांच्या फोनवरून तुम्हा दोघांना शेअर करून देते. ताई, तुमच्या अँड्रॉइडवर पण दिसेल, दादांच्या आयफोनवर पण दिसेल. दोघांनाही दिसेल. टेन्शनच नाही!"

एवढी चांगली बातमी दिल्यावर गिऱ्हाईक खूश होतं, असा तिचा अनुभव होता. इथे मात्र दीपकने काउंटरवरची चार्जरची पेटी उचलून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. हर्षाली भिंतीवर टांगलेल्या कव्हरांपाशी गेली आणि एक निळं कव्हर काढून परत तिथेच अडकवलं.

"दोघांना कशाला पण," शेवटी दीपक म्हणाला. "उगाच दोघांनाही सूचना येत राहणार. मग मला वाटणार हिनं बघितलं असेल, हिला वाटणार... गोंधळ होतो त्यानं. एकाकडंच असलेलं बरं."

"हो, एकाकडंच," हर्षाली म्हणाली. "नीट तरी होतं."

"मग कोणाकडं?" जियाने विचारलं.

"आम्ही जरा बोलून घेतो," दीपक म्हणाला आणि दोघं बाजूला गेली.

दुकानाच्या मधल्या खांबाला चारही बाजूंनी आरसे बसवले होते. सर मुलांकडे पाठ करून उभे होते, पण आरशात बघून मागचं ओळखणं हा तर त्यांचा जन्मभराचा धंदा. दीपक बोटांवर काहीतरी मोजून दाखवत होता आणि हर्षाली प्रत्येक बोटाला मान हलवत होती. आवाज त्यांनी खाली आणला होता, पण दुकान रिकामं होतं.

"तुझ्याशीच जोड ना. तू इथं आहेस. मी पुण्यात बसून तो ठिपका बघून काय करू?"

"आणि मी काय करू? ड्युटीवर माझा फोन लॉकरमध्ये असतो, माहितीय तुला." हर्षाली एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करत होती.

"अगं, नुसतं बघायचं तर आहे."

"नुसतं बघायचं नसतं दादा. एकदा दिसलं की जावं लागतं."

दीपकने मोजणारी बोटं मिटली.

"हरसूलच्या वेळी सुट्टी होती म्हणून मीच धावले," ती म्हणाली. "तक्रार नाही माझी. पण उद्या ते रोजचं झालं, की त्यांना घरीच आणावं लागेल ना? दोन खोल्या आहेत माझ्या. आरोहीची बारावी आहे. सासूबाई आहेत. कुठं झोपवू मी त्यांना? तुझ्याकडं तीन बेडरूम आहेत."

"खोल्या आहेत, माणूस कुठंय? आम्ही दोघं आठ-आठ वाजेपर्यंत बाहेर. दार उघडून निघून गेले तर? इथं निदान चार माणसं ओळखतात. तिथं शेजारचा फ्लॅटवाला मला ओळखत नाही, त्यांना काय ओळखणार!"

दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत होती. खोटं बोलणाऱ्यावर रागावता तरी येतं. सर उभ्या उभ्या दोन्ही बाजू तपासून बघत होते आणि दोन्ही त्यांना पटत होत्या. आरोहीची बारावी होतीच. पुण्यातल्या त्या बंद दारांच्या लांबलचक व्हरांड्यात ते मागच्या वेळी स्वतःच घर चुकले होते, हेही खरं होतं. मुलांनी जगाला सांगण्यासारखं काहीही वाईट केलं नव्हतं. फक्त ती दोघं आपल्यासाठी भांडत नव्हती, एवढंच सरांना आता नीट दिसलं. त्यांना लाज वाटली ती सकाळच्या तालमीची. आरशासमोर उभा राहून कोणाला नाही म्हणायचं ते ठरवणारा तो म्हातारा त्यांना आता भारीच येडपट वाटला.

"काका," जिया हळूच म्हणाली, "तुम्ही सांगा ना. तुम्हाला काय पाहिजे?"

तिने हे बोलणं ऐकलं होतं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. सर विचारात पडले. प्रश्न सोपा होता, पण गेल्या कित्येक दिवसांत तो त्यांना कोणी विचारलेला नव्हता.

"मला काय पाहिजे बेटा," ते म्हणाले. "माझे शिकलेले लोक फोटो पाठवतात. लायसन मिळालं, की गाडीपाशी उभं राहून. कोणी पहिल्यांदा स्वतः गाडी चालवत वणीच्या गडावर गेलं, की पाठवतं. ते मी बघतो. पडदा मोठा असला तर बरं पडतं. चेहरे दिसतात."

"मग दोन्हींमध्ये मोठा पडदा येतो," जिया म्हणाली. "अजून काय करता?"

"अजून काही नाही," सर म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांच्या लक्षात आलं की हे शब्दशः खरं आहे. गाळा बंद झाल्यापासून तेही फोटो येईनासे झाले होते. काम नाही आणि सवयी एकेक करून गळताहेत. अशा माणसाला कुठला फोन सोयीचा, ते त्या बिचारीने कसं सांगावं?

मुलं परत येऊन शेजारी उभी राहिली. दीपक डावीकडे, हर्षाली उजवीकडे. कोणाचंच काही ठरलं नव्हतं, हे विचारावं लागलं नाही.

सरांनी हात पुढे केला आणि आयफोन उचलला. दीपककडे त्यांनी बघितलं नाही, बघायची गरजही नव्हती. शेजारी बसलेल्या माणसाचा श्वास अडकला की त्यांना न बघता कळायचं. दीपकचा श्वास अडकला होता. उजवीकडे हर्षालीने मात्र खांद्यावरची पर्स सैल सोडली. सरांनी आयफोन खाली ठेवला आणि अँड्रॉइड उचलला. तशी दीपकची छाती मोकळी झाली आणि हर्षालीने पर्सचा पट्टा घट्ट धरला.

त्यांनी पुन्हा एकदा करून बघितलं नाही. एकदा पुरे होतं.

"हाच दे," अँड्रॉइड पुढे करत ते म्हणाले. "सवय आहे मला."

तालमीतलं वाक्य तेच होतं. ज्याच्यासाठी ते पाठ केलं होतं, तो वाईट वाटून घेण्याऐवजी पाकीट काढून पुढेसुद्धा झाला होता.

"बघा, तुमचं तुम्हीच ठरवलंत ते उत्तम," दीपक म्हणाला.

"पण अण्णा," हर्षालीचा आवाज जरा चिरकला, "मला ड्युटीवर फोन बघता येत नाही हं. म्हणजे आत्ताच सांगून ठेवते. मला चालेल, पण..."

"नको बघू तू," सर म्हणाले. "मी कुठं जातोय?"

जियाने फोन खोक्यातून काढला, सिमकार्ड घातलं, भाषा मराठी केली. पडद्यावर एकामागून एक प्रश्न येत होते आणि ती त्यांची उत्तरं सराईतपणे देत होती. नाव काय, वेळ कुठली, अक्षरं केवढी. अक्षरं तिने न विचारताच मोठी केली. सरांच्या जुन्या फोनमधली नावं नव्यात आली, फोटो आले. निरनिराळ्या गाड्यांपाशी उभी असलेली माणसं झरझर वर सरकत गेली आणि सर ती बघत राहिले. बऱ्याच जणांची नावं त्यांना आठवत होती. आजचा दिवस चांगला होता. असे दिवस अजून अधूनमधून यायचे.

"आता एवढंच राहिलं," जिया म्हणाली. "इमर्जन्सीचा नंबर. म्हणजे काका, समजा तुम्ही पडलात, तब्येत बिघडली, किंवा कुठं रस्ता चुकलात, तर ज्याच्या हातात फोन येईल त्याला लॉक न उघडता हा नंबर दिसतो. तो लगेच तिकडं फोन करतो. कोणाचा टाकू?"

तिने मान वर केली. रस्त्यावर कोणीतरी रिक्षा मागे घेत होतं. दीपकने घड्याळाकडे बघितलं. हर्षाली खाली, काचेखालच्या फोनांकडे बघत राहिली. त्या दोघांमध्ये उभे असलेले सर वाट बघत होते. फार नाही, शिकाऊला वळणाआधी द्यावा तेवढाच वेळ त्यांनी दिला. कोणीतरी 'माझा' म्हणेल असं त्यांना आता वाटत नव्हतं, तरी थांबले. जीव किती चिवट असतो, याचं त्यांना नवल वाटलं. सगळं बघून, ऐकून झाल्यावरही तो कान टवकारून उभाच होता.

मग त्यांनी स्वतःच नंबर सांगायला सुरुवात केली. एकेक आकडा सुटा, स्पष्ट, जियाला टाकता यावा असा. मध्ये कुठेही अडखळले नाहीत. दीपकने घड्याळावरची नजर काढली. हर्षालीने ओठ हलवत आकडे मनात जुळवले, आपला आहे का, ते बघायला.

जियाचं बोट थांबलं.

"काका, हा तर तुमचाच नंबर आहे. हाच आहे ना या फोनमध्ये?"

होय, तोच होता. गाळ्याच्या पाटीवर आणि गाडीच्या मागच्या काचेवर वर्षानुवर्षं रंगवलेला. जग विसरले असते तरी हा नंबर ते विसरले नसते. आपण काय सांगतोय हे त्यांना पहिल्या आकड्यापासून ठाऊक होतं. मी चुकलो तर मलाच कळवा, दुसऱ्या कोणाचं नाव माझ्याकडं नाही, असं काहीतरी त्यांना म्हणायचं होतं आणि एवढ्या चांगल्या दुकानात ते तोंडाने म्हणवत नव्हतं.

त्यांनी मुलांकडे बघितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं होतं. त्या नजरेत आधी धसका होता, आणि मग त्याच्यामागून हळूच दुसरं काहीतरी आलं. यांना कळत नाहीये. यांना काहीच कळलं नसणार. आपण मघाशी तिकडे काय बोललो, तेही नसेलच. दोघांच्या चेहऱ्यांवरचा ताण सरांच्या डोळ्यांदेखत उतरला. गेल्या कित्येक दिवसांत त्यांना इतकं हलकं झालेलं सरांनी बघितलं नव्हतं.

आता खरं सांगितलं असतं, तर तो ताण परत चढला असता.

"हो का?" सर म्हणाले. "माझाच का तो? विसरलो बघ."

"असू द्या अण्णा," दीपक म्हणाला आणि त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आज पहिल्यांदाच. हात उबदार होता. हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "असं कसं होतं हो तुम्हाला," म्हणत तिने त्यांच्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली. त्यात कणभरही नाटक नव्हतं. माया होती, खरी होती, आणि ती मिळायला काय करावं लागतं ते सरांना समजलं. पुढे हे आपोआप होईल, मुद्दाम करावं लागणार नाही, एवढाच काय तो दिलासा.

"होतं असं," ते म्हणाले.

जिया अजून फोन धरून उभी होती. ती त्यांच्याकडे बघत होती, मुलांकडे नाही.

"मग कोणाचा टाकू? ताईंचा, की दादांचा?"

"नंतर भरू ना," दीपक आणि हर्षाली एकदमच म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदा दोघांच्या तोंडून एकच वाक्य निघालं होतं, आणि ते लक्षात येऊन दोघं जराशी हसलीही.

जियाचं बोट पडद्यावर तसंच अधांतरी राहिलं.

"नंतर असं बटण असेल ना त्यात?" सरांनी विचारलं.

"आहे काका."

"मग ते दाब."

तिने ते दाबलं.